बिझनेस जेटवरील उड्डाण व्यवस्थापन प्रणालीचे अद्ययावतीकरण

बिझनेस जेटवरील उड्डाण व्यवस्थापन प्रणालीचे अद्ययावतीकरण म्हणजे कंपन्या, शासकीय संस्था व खासगी मालक यांच्या वापरातील लहान जेट विमानांमधील दिशादर्शक संगणकाचे सॉफ्टवेअर, यंत्रभाग किंवा दोन्ही बदलण्याची प्रक्रिया होय. उड्डाण व्यवस्थापन प्रणाली तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून 'एफएमएस' या नावाने ओळखली जाते. विमानाचा सांगाडा व इंजिने नियमित देखभालीने तीस-चाळीस वर्षे सेवा देऊ शकतात. संगणकाची क्षमता, दिशादर्शनाची साधने आणि हवाई क्षेत्राचे नियम मात्र त्याहून फार लवकर बदलतात. ही तफावत भरून काढणे हा अद्ययावतीकरणाचा मुख्य हेतू असतो. अद्ययावत प्रणाली नसलेले विमान उड्डाणयोग्य असूनही त्याला विशिष्ट उंची, विशिष्ट मार्ग किंवा खराब हवामानातील विशिष्ट अवतरणपद्धती वापरता येत नाहीत.

प्रणालीचे स्वरूप व कार्य

एफएमएसचे तीन प्रमुख घटक असतात. पहिला घटक म्हणजे गणना करणारा संगणक, दुसरा वैमानिकासमोरील कळफलक व पडदा असलेला नियंत्रण-दर्शक, आणि तिसरा दिशादर्शक माहितीकोश. काही प्रणालींत संगणक व दर्शक एकाच पेटीत असतात, तर काहींत संगणक विमानाच्या नाकाकडील किंवा मागील कप्प्यात बसवून दर्शक तेवढा वैमानिककक्षात ठेवतात.

संगणकाला विमानाच्या इतर उपकरणांकडून सतत माहिती मिळते. जीपीएस रिसीव्हर उपग्रहांच्या साहाय्याने स्थान देतो. जडत्वाधारित संदर्भ प्रणाली विमानाच्या प्रवेगावरून त्याची हालचाल मोजते. जमिनीवरील अंतरमापक केंद्रांपासूनची अंतरे रेडिओद्वारे कळतात, तर हवेचा दाब व तापमान मोजणारा संगणक उंची व वेग पुरवतो. या सर्वांचा मेळ घालून एफएमएस विमानाचे स्थान निश्चित करते, नियोजित मार्गापासून ते किती ढळले आहे हे दाखवते आणि स्वयंचालकाला, म्हणजे ऑटोपायलटला, वळण्याच्या आज्ञा देते. पुढील टप्प्यावर पोहोचण्याची वेळ, लागणारे इंधन आणि खाली उतरण्यास सुरुवात करण्याचे ठिकाण यांचेही गणित ती करते.

माहितीकोशात मार्गबिंदू, हवाई मार्ग, विमानतळ, धावपट्ट्या आणि उड्डाण व अवतरणाच्या प्रक्रिया साठविलेल्या असतात. ही माहिती जगभर ठरलेल्या २८ दिवसांच्या चक्रानुसार सुधारली जाते. म्हणजे साधारणतः वर्षातून तेरा वेळा विमानात नवा कोश भरावा लागतो. हे नियमित काम देखभालीचा भाग असून ते अद्ययावतीकरणात मोडत नाही. मात्र अनेक जुन्या विमानांच्या बाबतीत अद्ययावतीकरणाची गरज सर्वप्रथम याच कामात जाणवते.

इतिहास

१९७० च्या दशकात लांब पल्ल्याच्या बिझनेस जेटमध्ये जडत्वाधारित दिशादर्शन आणि अतिनिम्न वारंवारतेच्या रेडिओ लहरींवर चालणारी साधने वापरात होती. यांतील ओमेगा ही यंत्रणा जगभरातील आठ प्रक्षेपण केंद्रांवर अवलंबून होती. या साधनांमध्ये मार्गबिंदूंचे अक्षांश-रेखांश वैमानिकाला बहुधा स्वतः आकड्यांनी भरावे लागत. एखादा आकडा चुकला तर संपूर्ण मार्गच चुकत असे.

१९८२ मध्ये सेवेत आलेल्या बोइंग ७६७ या प्रवासी विमानाने एकात्मिक एफएमएसचा प्रसार केला. त्याच सुमारास अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील टूसॉन येथील युनिव्हर्सल एव्हिऑनिक्स कंपनीची यूएनएस-१ ही प्रणाली बिझनेस जेटसाठी उपलब्ध झाली. १९८५ मध्ये पहिले उड्डाण केलेल्या गल्फस्ट्रीम-४ या विमानात सहा मोठ्या पडद्यांच्या वैमानिककक्षाशी एफएमएस जोडलेली होती. पुढे हनीवेल, कॉलिन्स व युनिव्हर्सल या तीन उत्पादकांच्या प्रणाली बहुसंख्य मध्यम व मोठ्या बिझनेस जेटमध्ये दिसू लागल्या. गार्मिन कंपनीने नंतर या क्षेत्रात प्रवेश केला.

बाह्य बदलामुळे करावे लागलेले मोठे अद्ययावतीकरण ओमेगाच्या निमित्ताने घडले. ३० सप्टेंबर १९९७ रोजी ही यंत्रणा कायमची बंद करण्यात आली आणि तिच्यावर विसंबणाऱ्या विमानांना दुसरे साधन स्वीकारावे लागले. जीपीएस तोपर्यंत पूर्ण क्षमतेने कार्यरत झालेली असल्याने अनेक मालकांनी जुन्या एफएमएसला जीपीएस रिसीव्हर जोडला. विमानातील उपकरण सुस्थितीत असले तरी ते ज्या बाह्य व्यवस्थेवर अवलंबून आहे ती बदलताच निरुपयोगी ठरू शकते, हे या प्रसंगाने दाखवून दिले.

अद्ययावतीकरणाची कारणे

स्मृतीची मर्यादा

१९८० व १९९० च्या दशकांतील एफएमएसची स्मृती आजच्या मानाने अत्यल्प होती. उपग्रहाधारित प्रक्रियांची संख्या वाढत गेल्याने माहितीकोशाचा आकार फुगत गेला आणि तो जुन्या संगणकात मावेनासा झाला. यावर तात्पुरता उपाय म्हणून कोशाचे प्रदेशवार भाग पाडले जातात किंवा लहान विमानतळ व कमी वापराच्या प्रक्रिया वगळल्या जातात. त्यामुळे खंडांतर प्रवास करणाऱ्या विमानाला मध्येच कोश बदलावा लागतो. हवामान बिघडल्यास ज्या पर्यायी विमानतळाकडे वळायचे, त्याची अवतरण-प्रक्रिया वगळलेल्या भागात असण्याचीही शक्यता राहते. माहिती भरण्याचे माध्यमही कालबाह्य झाले. पूर्वी साडेतीन इंची फ्लॉपी चकत्या वापरल्या जात. अशा चकत्या व त्या वाचणारी यंत्रे दुर्मीळ झाल्यावर त्यांच्या जागी यूएसबी साधने आली.

उपग्रहाधारित अवतरण

साध्या जीपीएसची अचूकता व विश्वासार्हता ढगांतून धावपट्टीच्या अगदी जवळ उतरण्यास पुरेशी नसते. म्हणून जमिनीवरील संदर्भ केंद्रे जीपीएसमधील त्रुटी मोजतात आणि त्यांची दुरुस्ती भूस्थिर उपग्रहांमार्फत विमानांना पाठवतात. अमेरिकेची वास ही अशी यंत्रणा १० जुलै २००३ रोजी कार्यान्वित झाली. युरोपच्या एग्नॉस यंत्रणेची जीवितसुरक्षा सेवा २ मार्च २०११ रोजी सुरू झाली. भारताची गगन यंत्रणाही याच जातीची आहे.

या यंत्रणांवर आधारित एलपीव्ही प्रकारच्या अवतरणात वैमानिकाला आडवे व उभे असे दोन्ही मार्गदर्शन मिळते. परिस्थिती अनुकूल असल्यास धावपट्टी दिसली की नाही याचा निर्णय २०० फूट उंचीपर्यंत लांबवता येतो. यासाठी विमानतळावर आयएलएसचे महागडे रेडिओ साहित्य बसवावे लागत नाही. अमेरिकेत अशा प्रक्रियांची संख्या चार हजारांहून अधिक आहे. बिझनेस जेट पुष्कळदा आयएलएस नसलेल्या लहान विमानतळांवर उतरतात, त्यामुळे त्यांना या सुविधेचा विशेष लाभ होतो. अशा विमानतळावर केवळ आडव्या मार्गदर्शनाने टप्प्याटप्प्याने उतरण्यापेक्षा स्थिर उताराने उतरणे सुरक्षित मानले जाते. मात्र एलपीव्हीसाठी केवळ नवा रिसीव्हर पुरत नाही. एफएमएसचे सॉफ्टवेअर, पडद्यावरील निर्देशक व ऑटोपायलट यांनीही ते मार्गदर्शन स्वीकारले पाहिजे.

महासागरावरील संदेशवहन

सामान्य विमानसंचार रेडिओची पोच क्षितिजापुरती असते. महासागरावर पूर्वी उच्च वारंवारतेच्या, खरखर करणाऱ्या रेडिओवर स्थान सांगावे लागे. फॅन्स या व्यवस्थेत विमान आपले स्थान उपग्रहामार्फत आपोआप कळवते आणि नियंत्रकाच्या सूचना लिखित संदेशाच्या रूपात वैमानिककक्षात येतात. स्थान व मार्ग यांची माहिती एफएमएसकडूनच जात असल्यामुळे ही सुविधा तिच्या सॉफ्टवेअरशी घट्ट जोडलेली असते.

उत्तर अटलांटिक हवाई क्षेत्रात ही व्यवस्था टप्प्याटप्प्याने अनिवार्य झाली. ५ फेब्रुवारी २०१५ पासून रोज आखल्या जाणाऱ्या संघटित मार्गांवर, ७ डिसेंबर २०१७ पासून संपूर्ण क्षेत्रात ३५,००० ते ३९,००० फुटांच्या पट्ट्यात आणि ३० जानेवारी २०२० पासून २९,००० ते ४१,००० फुटांच्या पट्ट्यात, काही अपवाद वगळता, ती आवश्यक ठरली. सुसज्ज नसलेल्या विमानाला या पट्ट्याच्या खालून किंवा वरून जावे लागते. खालच्या दाट हवेत जेट इंजिनांना अधिक इंधन लागते आणि त्यामुळे विमानाचा पल्ला घटतो. परिणामी, न थांबता अटलांटिक ओलांडू शकणाऱ्या विमानाला मध्ये इंधनासाठी उतरावे लागू शकते.

सुट्या भागांची टंचाई

जुन्या वैमानिककक्षांतील कॅथोड किरण नलिकेचे पडदे व संगणकांचे विद्युत भाग यांचे उत्पादन थांबले आहे. दुरुस्तीचा खर्च वाढतो आणि भाग मिळेपर्यंत विमान जमिनीवर खोळंबून राहते. म्हणून एफएमएस बदलताना द्रवस्फटिक पडदेही बसविण्याकडे मालकांचा कल असतो.

अद्ययावतीकरणाचे प्रकार

अद्ययावतीकरणाचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात.

सॉफ्टवेअर व अंतर्गत भागांचे अद्ययावतीकरण: मूळ प्रणाली तशीच ठेवून तिच्यात नवी आवृत्ती भरली जाते, आवश्यक तेथे स्मृती किंवा प्रक्रियक बदलला जातो. गल्फस्ट्रीम, फाल्कन, सायटेशन इत्यादी विमानांच्या काही प्रकारांत असलेल्या हनीवेलच्या एनझेड-२००० या एफएमएसची ६.१ ही आवृत्ती याचे उदाहरण होय. तिच्यामुळे योग्य जोडउपकरणांसह एलपीव्ही व फॅन्स या सुविधा उपलब्ध झाल्या.

केवळ एफएमएस बदलणे: पडदे व ऑटोपायलट कायम ठेवून जुन्या संगणकाच्या जागी नवा संगणक बसवला जातो. युनिव्हर्सलच्या यूएनएस-१ मालिकेतील उपग्रह-दुरुस्ती स्वीकारणाऱ्या प्रकारांचा यासाठी वापर होतो. येथे नव्या संगणकाचे संकेत जुन्या उपकरणांना समजतील अशी जोडणी करणे हे अवघड काम असते.

संपूर्ण वैमानिककक्ष बदलणे: पडदे, ऑटोपायलट, रेडिओ व एफएमएस हे सर्व एकत्रित नव्या संचाने बदलले जाते. बीचजेट ४००ए तसेच सायटेशन एक्सेल व एक्सएलएस या विमानांसाठी गार्मिनचा जी-५००० हा संच उपलब्ध आहे. नेक्स्टंट ४००एक्सटी या नावाने पुनर्निर्मित केलेल्या बीचजेटमध्ये नव्या इंजिनांबरोबर कॉलिन्सचा प्रो लाइन २१ हा संच बसविण्यात आला. हा प्रकार सर्वांत खर्चिक असतो, पण जुन्या-नव्या उपकरणांच्या जोडणीतील गुंतागुंत त्यात कमी होते.

प्रमाणन व प्रत्यक्ष प्रक्रिया

विमानाच्या मूळ रचनेला मिळालेल्या मान्यतेस प्रकार प्रमाणपत्र म्हणतात. त्या रचनेत मोठा बदल करण्यासाठी उत्पादकाची अधिकृत सेवापत्रिका किंवा पूरक प्रकार प्रमाणपत्र आवश्यक असते. ते अमेरिकेत एफएए, युरोपमध्ये ईएएसए व भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालय यांच्या अखत्यारीत येते. एका देशाने दिलेले पूरक प्रमाणपत्र दुसऱ्या देशात वापरण्यापूर्वी तेथील नियामकाची मान्यता घ्यावी लागते. सॉफ्टवेअरची निर्मिती डीओ-१७८ या मानकानुसार होते. त्यात दोषाचा परिणाम किती गंभीर होऊ शकतो यावरून ए ते ई असे स्तर ठरवलेले आहेत, आणि स्तर जितका वरचा तितकी तपासणी कठोर असते.

प्रत्यक्ष कामाची सुरुवात विमानातील विद्यमान उपकरणांच्या नोंदीने होते. एकाच नमुन्याच्या दोन विमानांतही निरनिराळ्या काळात झालेल्या बदलांमुळे तारांची जोडणी भिन्न असू शकते. त्यानंतर आवश्यक क्षमता ठरवून प्रणालीची निवड केली जाते. वैमानिककक्षाची पटले व आसने काढावी लागत असल्याने हे काम बहुधा विमानाच्या मोठ्या नियतकालिक तपासणीबरोबरच केले जाते. जोडणी पूर्ण झाल्यावर जमिनीवरील चाचण्या होतात आणि आवश्यकतेनुसार चाचणी-उड्डाण केले जाते. विमानाचे वजन व गुरुत्वमध्य नव्याने नोंदवले जातात. उड्डाण पुस्तिकेला पुरवणी जोडली जाते आणि कोणते उपकरण बंद असताना उड्डाण करता येईल याची सूची सुधारली जाते.

उपकरण बसवणे व ते वापरण्याची परवानगी मिळणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. महासागरी क्षेत्रात किंवा विशेष अचूकतेच्या मार्गांवर उड्डाण करण्यासाठी विमानचालकाला नियामकाकडून स्वतंत्र अनुमती घ्यावी लागते. उदाहरणार्थ, आरएनपी ४ या वर्गात विमान किमान ९५ टक्के उड्डाणकाळ आपल्या मार्गापासून ४ सागरी मैलांच्या आत राहिले पाहिजे, आणि ही अट पाळली जात नसल्यास प्रणालीने वैमानिकाला इशारा दिला पाहिजे. अशा अनुमतीसाठी उपकरणांबरोबरच वैमानिकांचे प्रशिक्षण व कार्यपद्धती यांचीही तपासणी होते.

दोष व मर्यादा

नवी प्रणाली म्हणजे निर्दोष प्रणाली असे नाही. २०१७ मध्ये बॉम्बार्डियर सीआरजे-२०० या विमानात कॉलिन्सच्या एफएमएसमधील एक सॉफ्टवेअर दोष उघडकीस आला. चढाईची ठरलेली उंची हाताने बदलल्यास, किंवा अतिशीत हवेत उंचीमापकाची चूक सुधारणारी तापमान-दुरुस्ती वापरल्यास, काही प्रक्रियांमध्ये प्रणाली पुढील वळण विरुद्ध दिशेला दाखवू शकत होती. डोंगराळ प्रदेशात असे वळण प्राणघातक ठरू शकते. सॉफ्टवेअर सुधारेपर्यंत खबरदारी म्हणून धोक्याच्या प्रक्रिया माहितीकोशातून काढून टाकण्यात आल्या.

कालगणनेतूनही अडचणी उद्भवतात. जीपीएसच्या मूळ संकेतात आठवड्यांची संख्या १०२४ पर्यंतच मोजता येते. त्यानंतर मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. असे ऑगस्ट १९९९ मध्ये व ६ एप्रिल २०१९ च्या मध्यरात्री घडले. ज्या जुन्या उपकरणांत यासाठी तरतूद नव्हती ती चुकीचा दिनांक दाखवू लागतात, आणि दिनांक चुकल्यास माहितीकोशाची वैधता तपासण्यातही गोंधळ होतो. जून २०१९ मध्ये काही विशिष्ट जीपीएस रिसीव्हरमधील कालगणनेशी निगडित सॉफ्टवेअर दोषामुळे अमेरिकेत प्रादेशिक जेट विमानांची अनेक उड्डाणे रद्द झाली.

२०२३ च्या उत्तरार्धापासून पश्चिम आशियातील हवाई मार्गांवर बनावट जीपीएस संकेतांचा धोका वाढला. असे संकेत खरे मानून एफएमएस विमानाचे स्थान कित्येक मैल दूर दाखवते. काही विमानांत जडत्वाधारित प्रणालीही जीपीएसने दुरुस्त होत असल्याने तीसुद्धा भ्रष्ट होते. त्यामुळे अद्ययावतीकरणात अचूकतेइतकेच महत्त्व जीपीएस वेगळे काढता येण्याला आणि जमिनीवरील केंद्रांवरून स्थानाची पडताळणी करता येण्याला दिले जाऊ लागले आहे. केवळ जडत्वावर चालणाऱ्या प्रणालीची चूक ताशी सुमारे २ सागरी मैलांपर्यंत वाढू शकते. तरीही अशा प्रसंगी तिचा आधार मोलाचा ठरतो.

वैमानिकांचे प्रशिक्षण

एफएमएसच्या वापरातील चुकीचे परिणाम २० डिसेंबर १९९५ रोजी कोलंबियातील काली शहराजवळ झालेल्या अपघातात दिसले. अमेरिकन एअरलाइन्सच्या बोइंग ७५७ विमानाच्या वैमानिकांना रोझो नावाच्या रेडिओ केंद्राकडे जायचे होते. नकाशावर त्याची खूण 'आर' अशी होती; परंतु माहितीकोशात हे अक्षर टाकल्यावर प्रथम मिळणारे केंद्र शंभराहून अधिक सागरी मैल दूर, बोगोटाजवळचे रोमिओ होते. पडताळणी न करता ते निवडले गेले, विमान डोंगरांच्या दिशेने वळले आणि १५९ जणांचा मृत्यू झाला. हे प्रवासी विमान होते, परंतु त्यातून मिळालेला धडा एफएमएस असलेल्या प्रत्येक विमानाला लागू पडतो. नकाशा व संगणक यांतील माहिती एकाच पद्धतीने मांडलेली असेलच असे नाही, आणि संगणकाला दिलेली आज्ञा अमलात येण्यापूर्वी दोन्ही वैमानिकांनी तपासणे आवश्यक असते.

अद्ययावतीकरणानंतर हा प्रश्न अधिक तीव्र होतो. वर्षानुवर्षे सवयीची झालेली कळ नव्या प्रणालीत दुसरीकडे असते किंवा तिचा परिणाम वेगळा असतो. बिझनेस जेटच्या बाबतीत आणखी एक अडचण संभवते. प्रशिक्षणकेंद्रातील आभासी वैमानिककक्ष विमानाच्या मूळ रचनेनुसार असल्यास अद्ययावत विमानाचा वैमानिक एका प्रणालीवर सराव करतो आणि दुसऱ्या प्रणालीवर उड्डाण करतो. म्हणून जमिनीवरील वर्ग, संगणकावरील सराव आणि चांगल्या हवामानातील प्रारंभिक उड्डाणे यांचा समावेश करून फरक-प्रशिक्षण दिले जाते.

भारतातील स्थिती

भारतीय अंतराळ संशोधन संस्था व भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी उभारलेल्या गगन यंत्रणेला डिसेंबर २०१३ मध्ये मार्गातील दिशादर्शनासाठी व एप्रिल २०१५ मध्ये उभ्या मार्गदर्शनासह अवतरणासाठी प्रमाणन मिळाले. २०१६ च्या राष्ट्रीय नागरी विमान वाहतूक धोरणात १ जानेवारी २०१९ पासून भारतात नोंदल्या जाणाऱ्या विमानांनी गगन-सक्षम असावे असे म्हटले होते. ही मुदत पुढे वाढविण्यात आली. एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानातील किशनगढ विमानतळावर इंडिगोच्या एटीआर विमानाने गगनच्या साहाय्याने एलपीव्ही अवतरणाची चाचणी यशस्वी केली. वास, एग्नॉस व गगन यांचे मानक समान असल्यामुळे अमेरिकेत किंवा युरोपात अद्ययावत केलेल्या बिझनेस जेटचा रिसीव्हर तत्त्वतः भारतातही उपयोगी पडतो. मात्र संबंधित विमानतळाची प्रक्रिया प्रसिद्ध झालेली, माहितीकोशात समाविष्ट असलेली आणि चालकाला अनुमती मिळालेली असावी लागते.

अरबी समुद्रावरील मोठे हवाई क्षेत्र मुंबईच्या नियंत्रणाखाली येते. तेथे उपग्रहामार्फत लिखित संदेशवहन व स्वयंचलित स्थाननिवेदन वापरले जाते. मुंबईहून आफ्रिकेकडे समुद्रावरून जाणाऱ्या विमानांसाठी फॅन्स-सक्षम एफएमएस त्यामुळे उपयुक्त ठरते. बनावट जीपीएस संकेतांच्या संदर्भात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक परिपत्रक काढले.